राम जोशींचा ‘उद्धार’: बारामतीची एक सोयीची गोष्ट

बारामतीत मोरोपंतांचा विषय निघाला, मग ते व्याख्यान असो, शाळेतला निबंध असो की कीर्तनाचा उत्तररंग, एक गोष्ट हमखास सांगितली जाते. सोलापूरचे शाहीर राम जोशी तमाशाचा फड घेऊन बारामतीला आले. पंतांच्या कानावर त्यांची लावणी पडली. एवढी बुद्धी, एवढे शब्दप्रभुत्व आणि ते असे वाया चालले आहे, म्हणून पंत हळहळले. त्यांनी शाहिराला चार शब्द सांगितले. शाहिराने डफ फोडला, तमाशा सोडला आणि पंतांच्या आर्या घेऊन तो कीर्तनाला उभा राहिला. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. कुणी पंतांना तमाशाच्या गर्दीत चोरून उभे करतो, कुणी राम जोशींना पंतांच्या पायांवर लोटांगण घालायला लावतो. तात्पर्य मात्र बदलत नाही: तमाशा हा चिखल, कीर्तन हे तीर्थ आणि बारामती हा घाट.

माझा वाद या तात्पर्याशी आहे. दोघांची भेट झाली असेल, हे नाकारण्याचे मला कारण नाही. पंतांच्या आर्या लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्यांत राम जोशींचे नाव परंपरेने घेतले जाते आणि ते घेण्याजोगेच आहे. पण त्या भेटीची उद्धारकथा करून आपण दोन कवींचे एकदम नुकसान केले. पंतांना सोवळ्यातले हेडमास्तर करून टाकले आणि राम जोशींना कान धरून उभा असलेला चुकार पोरगा. तिसरे नुकसान त्याहून मोठे आहे. अठराव्या शतकातल्या मराठी कवितेत दंभाची टर उडवणारा, चारचौघांसमोर बोर्डावर उभा राहून गाणारा एक आवाज होता. तो आपणच या गोष्टीखाली दाबला. आणि आता आपणच विचारतो की इंग्रजांकडे त्या शतकात पोप झाला, स्विफ्ट झाला, जॉन गे झाला. आपल्याकडे काय, एकीकडे टाळ आणि दुसरीकडे चाळ?

आधी त्या गोष्टीचाच साचा तपासू. संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) हे राम जोशींचे थोडे वडीलधारे समकालीन. फटका हा काव्यप्रकार म्हटला की पहिले नाव त्यांचेच येते. त्यांच्याबद्दल काय सांगतात? तमाशाला निघालेल्या फंदींना अहिल्याबाई होळकरांनी फटकारले, ब्राह्मणाने हे काय चालवले आहे म्हणून विचारले आणि फंदींनी डफ टाकून कीर्तन धरले. अहिल्याबाईंच्या जागी मोरोपंत ठेवा, संगमनेरच्या जागी सोलापूर ठेवा, गोष्ट तीच. दोन माणसांच्या आयुष्यात एकसारखा योगायोग घडू शकतो. पण एकच वळण, एकच फुटलेला डफ आणि एकच तात्पर्य दोन्हीकडे दिसले, की तो योगायोग कथेकऱ्यांच्या सोयीचा आहे अशी शंका यायला हवी. आणखी एक गोष्ट नजरेआड करू नये. होनाजी गवळी होते, सगनभाऊ मुसलमान शिकलगार होते, परशराम शिंपी होते. त्यांनीही लावणी गाजवली. पण त्यांचा तमाशातून उद्धार झाल्याची गोष्ट कुणी रंगवून सांगितलेली माझ्या ऐकण्यात नाही. म्हणजे डाग लावणीचा नव्हताच. तो लागला होता ब्राह्मणाच्या पोराने फडावर चढण्याचा, आणि तो धुऊन काढण्यासाठी मागच्या पिढ्यांना एखादा मोरोपंत, एखाद्या अहिल्याबाई लागत होत्या.

आता राम जोशींकडे वळू. जन्म १७६२च्या सुमाराचा, सोलापूरचा. घरात पुराणिकपण. थोरले बंधू मुद्गल जोशी विद्वान म्हणून नावाजलेले. धाकट्याला ओढ धोंडी शाहिराच्या फडाची. भावाने घराबाहेर काढले तेव्हा राम जोशींनी पंढरपूर गाठले आणि बाबा पाध्ये यांच्याजवळ संस्कृत विद्या केली, असे त्यांचे चरित्र सांगते. उद्धारकथेला हा टप्पा फार अडचणीचा आहे. कारण या क्रमाने पाहिले तर राम जोशी अडाणीपणामुळे तमाशात गेले नव्हते आणि विद्येमुळे तमाशातून बाहेरही आले नव्हते. शास्त्र शिकून, पुराण सांगण्याची पात्रता अंगी बाणवून त्यांनी आपला फड उभा केला.

चरित्रातल्या आख्यायिका बाजूला ठेवल्या तरी लावण्या छापील आहेत. शंकर तुकाराम शाळिग्रामांसारख्या संग्राहकांनी त्या जपल्या म्हणून आज आपल्याला वाचता येतात. त्यात काय दिसते? एकीकडे लांबच लांब संस्कृत समास आणि दुसरीकडे बाजारातली ठसठशीत मराठी, आणि दोन्ही एकाच चालीत, एकाच श्वासात. अलंकारशास्त्रातली छेकापन्हुती घेऊन त्यांनी लावणी बांधली. मराठी, कानडी, हिंदुस्थानी, संस्कृत अशा भाषांची सरमिसळ करून लावणी रचली. सोलापूरच्या पेठेत ज्याच्या कानावर रोज कानडी पडत होती त्यालाच हे सुचणार. ‘मदालसाचंपू’ हे संस्कृत काव्यही त्यांच्या नावावर आहे. शृंगार अज्ञानाच्या काळात आणि विद्या पश्चात्तापाच्या काळात, अशी वाटणी या रचनांत कुठेही करता येत नाही. पंडित आणि शाहीर तिथे एकाच ओळीत बसले आहेत. म. वा. धोंडांचे ‘मऱ्हाटी लावणी’ १९५६ साली आले. तेव्हापासून तरी लावणीकडे रचना म्हणून पाहायला आपण शिकायला हवे होते. आपण अजून तिच्याकडे वर्तणुकीचा दाखला म्हणून पाहतो आहोत.

यावर एक उत्तर ठरलेले असते. “मग त्यांच्या उपदेशपर लावण्या कशा? वैराग्य कुठून आले? पश्चात्ताप झाला म्हणूनच ना?” हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण ज्याने तमाशाची एक रात्र पुरती पाहिली आहे त्याला तो टिकणारा नाही हे कळेल. फडावर आधी गण होतो, मग गौळण होते. कलगी-तुऱ्याच्या झगड्यात देह, आत्मा, माया, ब्रह्म यांवरची भेदिक कोडी रात्र रात्र चालतात. अध्यात्म तमाशाच्या बाहेर कधीच नव्हते. उपदेशाची लावणी हा शाहिराच्या पोतडीतला एक बांधीव प्रकार होता, शृंगाराच्या लावणीइतकाच. ती सापडली म्हणून शाहीर विरक्त झाला असे ठरवायचे असेल, तर विराणी सापडली की शाहीर विधुर झाला असेही ठरवावे लागेल.

आणि तो उपदेश तरी कोणाला आहे? राम जोशींची सर्वांत गाजलेली उपदेशपर लावणी वाचा. भगवी वस्त्रे, वाढवलेल्या जटा, अंगाला फासलेली राख, आसनांची कसरत हे सारे करून ज्याच्या मनात हरी नाही त्या ढोंग्याची ती मनसोक्त उलटतपासणी आहे. तमासगीर इथे स्वतःच्या पापाची कबुली देत नाही. तो समोर बसलेल्या धार्मिक थाटाला आरसा दाखवतो. ज्या कवितेचा रोख देवाच्या दलालांवर आहे, तीच कविता आपण शाहिराच्या शरणागतीचा पुरावा म्हणून वापरतो, ही उलटी गंगा आहे. बारामती-इंदापूरच्या रस्त्याने दरवर्षी ज्यांची पालखी सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत जाते, त्या तुकोबांनीही हेच ढोंग सोलून काढले. पैठणच्या एकनाथांनी त्याआधीच भारुडांतून सोंगे उभी करून लोकांना हसवले आणि हसता हसता टोचले. संस्कृत येणारा विद्वान लोकांच्या नाचगाण्याची चाल उचलतो आणि तिच्यातून दंभाला झोडपतो, ही मराठीतली जुनी रीत आहे. नाथांनी ते केले तर लोकोद्धार आणि राम जोशींनी केले तर त्यांचाच उद्धार, हा न्याय कुठला?

आता पंतांची बाजू घेतो, कारण या कथेने त्यांच्यावरही अन्यायच केला आहे. मोरेश्वर रामचंद्र पराडकर १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले. केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे शिकले आणि तरुणपणी बारामतीला येऊन नाईकांच्या आश्रयाला राहिले. हे घर साधेसुधे नव्हते. बाबूजी नाईक म्हणजे पेशव्यांचे सावकार आणि नातलग. त्यांचे बंधू आबाजी हे थोरल्या बाजीरावांच्या बहिणीचे, भिऊबाईंचे पती. १७४० साली बाजीराव वारले तेव्हा नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी नाव पुढे केले होते ते याच बाबूजींचे. अशा वाड्यात पुराण सांगत, कऱ्हेकाठी चार दशके बसून पंतांनी पाऊण लाखाच्या घरात कविता रचली. १७९४च्या चैत्री पौर्णिमेला बारामतीतच त्यांचा देह पडला.

हा माणूस कोरडा नीतिपाठक होता का? ज्याने एकशे आठ रामायणे रचली, त्यातले एक ओठांना ओठ न लावता म्हणता येईल असे बांधले, दुसऱ्यांत अक्षरांची निरनिराळी बंधने स्वतःवर लादून घेतली आणि ती पाळूनही कथा पुढे नेली, तो भाषेशी खेळणारा पट्टीचा खेळाडू होता. त्यांची प्रसिद्ध आर्या छंदशास्त्राने पाहिली तर बहुतेक ठिकाणी गीती आहे: बारा आणि अठरा मात्रांचे दोन सारखे अर्ध आणि शेवटी खणखणीत यमक. याच यमकांवरून नंतरच्या टीकाकारांनी पंतांना शब्दांचे कारागीर म्हणून हिणवले आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांना ‘निबंधमाले’त पंतांच्या कवितेची बाजू मांडायला लेखणी उचलावी लागली. गंमत अशी, की राम जोशींचे बळ तेच आहे: यमकांची झड, अनुप्रासाचा ठेका, शब्द वळवण्याची मस्ती. सोलापूरच्या फडावरून ते ऐकू आल्यावर पंतांसारख्या जाणकाराला पहिल्यांदा काय वाटले असेल? हळहळ? मला तर वाटते, आपल्याच जातीचा कारागीर भेटल्याचा आनंद वाटला असेल. आणि संतांची स्तुती करताना ‘सन्मणिमाले’त चोखोबांनाही ज्यांनी ओवले, ते पंत एका शाहिराशी बोलताना नाकाला पदर लावतील, हे मला त्यांच्या कवितेत कुठे दिसत नाही.

शिवाय पंतांची एक गरज होती, ती या कथेत सांगितलीच जात नाही. आर्या ही पोथीत मिटून ठेवण्याची वस्तू नाही. ती म्हणायची असते. कीर्तनकार ती उचलतो, ताणतो, सोडवतो, तिच्यावर निरूपणाचा इमला चढवतो तेव्हा ती श्रोत्याच्या मनात उतरते. गर्दी बांधून ठेवणारा आवाज, तालाचे पक्के अंग, समोरच्याच्या चेहऱ्यावरून पुढची ओळ कुठे तोडावी हे कळणारी नजर, हे सारे राम जोशी फडावरच शिकले होते. पंतांच्या आर्या त्यांनी गाजवल्या हे खरे मानले, तर त्याचा सरळ अर्थ असा होतो की कीर्तनाला तमाशाने आपले कसब उसने दिले. म्हणजे या व्यवहारात धनको शाहीर आहे आणि आपण त्यालाच ऋणको म्हणून नोंदवून बसलो आहोत.

आता विलायतेकडे एक नजर, कारण तुलना आपणच काढतो. पोप (१६८८–१७४४) आणि पंत एकाच शतकाचे. दोघांनाही घोटीव, दोन ओळींत पुरे होणाऱ्या द्विपदीचे वेड. एकाने होमरचे ‘इलियड’ आपल्या द्विपदीत आणले, दुसऱ्याने महाभारत आर्येत. पण राम जोशींच्या जवळचा माणूस शोधायचा तर तो जॉन गे. १७२८ साली लंडनमध्ये त्याचे ‘बेगर्स ऑपेरा’ आले. चोर, दरोडेखोर, वेश्या, लाचखाऊ तुरुंगाधिकारी ही त्यातली पात्रे. गाणी लोकांच्या तोंडी असलेल्या चालींवर. आणि टवाळी थेट पंतप्रधान वॉलपोलपर्यंत पोहोचणारी. पुढचे ‘पॉली’ हे नाटक सरकारने रंगभूमीवर येऊच दिले नाही. पंत जन्मले त्याच १७२९ साली ते छापून विकले गेले आणि गेला त्यातून बक्कळ पैसा मिळाला. १७३७ साली तर नाटकांना परवान्याचा कायदाच आला. पण ‘पॉली’वर बंदी येऊनही १७३२ साली गे वारला तेव्हा त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरले. चोरांच्या तोंडी गाणी घातली म्हणून त्याचा उद्धार कोणा बिशपने केला, अशी कथा रचायची तिथे कुणाला गरज भासली नाही.

मी तुलना ताणत नाही. राम जोशी नाटककार नव्हते. तमाशातला वग अजून जन्मायचा होता. ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानतात आणि तो १८६५चा. राम जोशींनी पेशव्यावर किंवा कारभाऱ्यावर गेसारखे नाटक रचले, असाही माझा दावा नाही. त्यांचा रोख मठ, जटा आणि सोवळे यांवर होता. पण आपल्याकडे ती सत्ता दरबाराहून कमी वजनदार होती का? घरातून बाहेर काढण्याची ताकद तिच्यात होती आणि राम जोशींनी ती भोगली होती. तिकडे उपहासाचे तोंड कायद्याने बंद केले. इकडे तेच काम गोष्टीने केले, आणि कायद्यापेक्षा गोष्ट जास्त टिकते. कायदा रद्द करता येतो.

याच जॉन गेची मराठीशी पुढे गाठ पडली ती कशी, हेही पाहण्यासारखे आहे. त्याच्या नाटकावरून ब्रेख्तने १९२८ साली नवे नाटक केले आणि त्यावरून पु. ल. देशपांड्यांनी १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला. लंडनच्या चोरांना मराठीत आणायला पु. लं.ना संगीत नाटक नको झाले, कीर्तन सुचले नाही, तमाशाच लागला. त्याच्याही आधी सत्यशोधकांच्या आणि आंबेडकरी जलशांनी याच घाटातून भटशाहीला आणि जातीला जाब विचारला होता. म्हणजे हसून प्रश्न विचारण्याची ताकद या प्रकारात आहे, हे गरज पडली तेव्हा सर्वांनी ओळखले. राम जोशींचे नाव घेताना तेवढे आपण ते विसरतो.

एक शेवटचा आक्षेप उरतो: “पण त्या लावण्या चावट आहेत.” आहेत, काही आहेत. संस्कृतातले शृंगारशतक वाचताना आपल्याला हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे समास आडपडदा धरतो. राम जोशींनी तो पडदा ठेवला आणि वर हाताने सरकवलाही, एवढाच त्यांचा अपराध. आणि चावटपणाची एवढी काळजी करणारी ही कथा त्यांच्या फडातल्या बायांबद्दल काय म्हणते? बया आणि चिमा ही नावे परंपरेने जपली आहेत. १९४७ साली राजकमलच्या ‘राम जोशी’ चित्रपटात जयराम शिलेदारांसमोर हंसा वाडकरांनी बया उभी केली तेव्हा ती घराघरांत पोहोचली. उद्धारकथेत मात्र डफ फुटतो आणि शाहीर तरून जातो. ज्यांच्या पायांवर तो फड उभा होता त्या बायांचे पुढे काय झाले, हे विचारायलाही कुणी थांबत नाही. ज्या नीतीला एवढा साधा प्रश्न पडत नाही, तिच्याकडून लावणीने शिकवणी घ्यावी हे मला मान्य नाही.

आणि हा निव्वळ जुना वाद नाही. आपल्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात गावच्या जत्रेत देवाचा छबिना निघतो, रात्री तमाशा उभा राहतो, सकाळी हजेरी होते, दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो. या साऱ्यासाठी लोकवर्गणी एकच गोळा होते. गावाला यात विसंगती वाटत नाही. ती वाटते व्यासपीठावर चढल्यावर. तिथे पंतांना हार घालायचा, राम जोशींचा ओझरता उल्लेख करायचा आणि तोही ‘पुढे ते सुधारले’ या शेऱ्यासह. फडावर उभ्या असलेल्या आजच्या कलावंत बाईने हे भाषण ऐकले तर तिला काय कळते? एवढेच, की तिची कला सोडली तरच तिला मान आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पंतांच्या नावाचा पुढचा कार्यक्रम बारामतीत होईल तेव्हा आर्या आणि लावणी एकाच बोर्डावर, एकाच संध्याकाळी ठेवा. कीर्तनकाराने पंत गावेत, फडातल्या कलावंतांनी राम जोशी गावेत, आणि कोणाच्याही आधी-नंतर क्षमायाचना नको. जागाही इथेच आहे. विद्या प्रतिष्ठानच्या सभागृहाला ग. दि. माडगूळकरांचे नाव आहे आणि ‘राम जोशी’ चित्रपट लिहिणारे माडगूळकरच. तिथल्या कार्यक्रमपत्रिकेवर दोघांची नावे सारख्या अक्षरांत छापा. उद्धाराची गोष्ट ज्यांना सांगायचीच आहे त्यांनी ती लावणी ऐकून झाल्यावर, त्याच श्रोत्यांसमोर सांगून पाहावी. पटली तर मी हा लेख मागे घेईन.